पोथीचें वळण व छापाचा ठसा : ‘जैनी’ मुद्राक्षरांचें परीक्षण

इतिहाससंशोधनाच्या पत्रांत मुद्राक्षरांचें परीक्षण यावें हें कांहीं वाचकांस अप्रस्तुत वाटेल. ग्रंथ काय सांगतो तें आपण पाहावें, तो कोणत्या खिळ्यांनीं छापला याची चौकशी छापखानेवाल्यांनीं करावी, असा सामान्य समज आहे. परंतु ज्यांचे दिवस पोथ्यांचीं पानें उलटण्यांत व दप्तरांच्या गांठी सोडण्यांत जातात त्यांस अक्षराचें वळण हा केवळ शोभेचा विषय नसतो. कागदावर सन नसला, लेखकाचें नांव गळालें, पहिलें व शेवटचें पान हरवलें, म्हणजे उरतें तें वळणच. त्यावरून काल ठरवावा लागतो, प्रांत ठरवावा लागतो, क्वचित् संप्रदायहि ठरवावा लागतो. असें वळण जर कोणी उचलून छापाच्या ठशांत घातलें, तर त्याची साक्ष पूर्वीसारखी राहते काय, हा प्रश्न छापखान्याचा नसून आमचा आहे.

ज्या मुद्राक्षरांविषयीं येथें लिहावयाचें आहे त्यांस ‘जैनी’ असें नांव आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेकडून तीं निघालीं. कर्ते गिरीश दळवी व मैथिली शिंगरे. हीं अक्षरें शिशाच्या खिळ्यांचीं नव्हत. संगणकांत सांठविलेल्या आकृतींचा तो संच आहे, ज्यास हल्लीं सर्वत्र फॉन्ट म्हणतात. तो मुक्त परवान्याखालीं दिलेला असल्यामुळें कोणासहि विनामूल्य वापरतां येतो. कर्त्यांनीं आपला आधार स्पष्ट सांगितला आहे : जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांचें वळण, व त्यांतहि इ. स. १५०३ मधील प्रत. संच दोन आहेत. ‘जैनी’ हा आजच्या वाचकाच्या सवयीस धरून केलेला, व ‘जैनी पूर्व’ हा जुन्या रूपांस अधिक चिकटून राहिलेला. दोहोंचाहि उपयोग ग्रंथनाम, मथळा, पाटी अशा ठिकाणीं मोठ्या आकारांत करावयाचा, हें त्यांच्या जाड अंगावरूनच दिसतें.

प्रथम मूळ पोथीकडे पाहूं. कल्पसूत्र हा श्वेतांबर जैनांचा अर्धमागधी ग्रंथ असून परंपरेनें तो भद्रबाहूंचा मानितात. तीर्थंकरांचीं चरित्रें, स्थविरांची आवली व वर्षावासांतील साधूंचे नियम असे त्याचे तीन भाग आहेत. आणि पर्युषणांत तो श्रावकांसमोर वाचण्याचा प्रघात आहे. पोथी समोर धरून वाचावयाची व भाविकांस दाखवावयाची, म्हणून तिचें अक्षर मोठें व भरदार. श्रीमान् श्रावक ती पुण्यार्थ लिहवून घेत, म्हणून तिच्यावर खर्चहि भरपूर. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील कित्येक प्रतींत तांबड्या किंवा काळ्या-निळ्या भूमीवर सोन्या-रुप्याच्या शाईचें लेखन आढळतें. ताडपत्र जाऊन कागद आला तरी पानाची आडवी लांबट घडण तशीच राहिली. दोरा ओवण्याचें भोंक निरुपयोगी झालें तरी त्याच्या जागीं रंगीत ठिपका काढण्याची चाल टिकली. ज्याचा उपयोग संपला तें शोभा म्हणून उरतें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. पुढील विवेचनांत हा ठिपका वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

या अक्षराचें सर्व रूप बोरूच्या कापणींत आहे. टोंक तिरकें कापलेलें असतें, व रोमन अक्षर लिहिणाऱ्याची लेखणी ज्या बाजूस उतरती असते त्याच्या उलट बाजूस आपल्या बोरूचा उतार असतो. त्यामुळें रेघ कोणीकडे जाड व्हावी आणि कोणीकडे बारीक, हें हाताच्या दाबावर नसून दिशेवर अवलंबून राहतें. बोरू टेकवून उचलला कीं टिंबसुद्धां वाटोळें न होतां तिरपा चौकोन होतो. शिरोरेघेचें तोंड, काना, वेलांटीचा शेवट, या सर्वांचीं टोंकें एकाच कोनांत तुटलेलीं दिसतात. लेखक कोणीहि असो, कापणी एक असली कीं घराणें एक दिसतें. आणि घराणें एक असूनहि प्रत्येक हात निराळा ओळखूं येतो. जुन्या वळणाची सारी मौज व सारी साक्ष या दोन गोष्टींत आहे.

‘जैनी’ मुद्राक्षरांचा पहिला गुण हा कीं त्यांत बोरूची ही शिस्त पाळलेली आहे. बाजारांत शोभिवंत म्हणून मिळणारीं पुष्कळशीं देवनागरी अक्षरें साध्या छापाच्या अक्षरास शेपट्या व वेलबुट्ट्या चिकटवून केलेलीं असतात, किंवा रोमन अक्षराचा अंगरखा देवनागरीस चढविलेला असतो. येथें तसें झालेलें नाहीं. शोभा बाहेरून आणलेली नसून लेखणीच्या चालींतूनच निघाली आहे. दुसरा गुण आमच्या दृष्टीनें अधिक मोलाचा : कर्त्यांनीं आधाराचें नांव व सन दिला आहे. ‘प्राचीन वळण’ असें मोघम सांगून सुटणारे पुष्कळ. ग्रंथ कोणता व साल कोणतें हें सांगणारे थोडे. तिसरा गुण हा कीं जुनीं रूपें व आजचीं रूपें यांची खिचडी न करितां दोन संच निरनिराळे ठेविले. ज्यानें जुन्या कागदांची नक्कल व संपादन या दोहोंतील भेद एकदां जाणला आहे त्याला या विवेकाची किंमत सांगावयास नको.

एवढें श्रेय दिल्यावर आतां चिकित्सेकडे वळतों. इ. स. १५०३ च्या पोथीवरून हीं अक्षरें घेतलीं, असें म्हटलें म्हणजे वाचकास वाटतें कीं संचांतील प्रत्येक अक्षर त्या पोथींत कोठें ना कोठें असेल. हें शक्य नाहीं, आणि तें कां शक्य नाहीं हें अर्धमागधीच्या वर्णमालेवरूनच सिद्ध करितां येतें. त्या भाषेंत ऋ नाहीं, ऐ व औ नाहींत. श व ष नाहींत, तिन्ही ऊष्म्यांचें काम एकटा स करितो. ळ हा वर्ण त्या पोथ्यांत सहसा आढळत नाहीं. जोडाक्षरें बहुधा द्वित्ताचीं किंवा वर्गांतील अल्पप्राण-महाप्राणांचीं : क्क, क्ख, त्त, त्थ, म्म, ण्ण. मराठीस पावलोपावलीं लागणारीं क्ष, ज्ञ, श्र, ऱ्य हीं मूळ ग्रंथाच्या भाषेंत यावयाचीं नाहींत. पुष्पिकेंत लेखक संस्कृताकडे वळला तर यांपैकीं कांहींची गांठ पडते; पण पुष्पिका चार-दोन ओळींची. आणि इंग्रजी शब्दांकरितां मराठीनें स्वीकारलेले ॲ व ऑ, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, हीं तर सोळाव्या शतकाच्या आरंभीं कोणत्याहि देवनागरी पोथींत असणें शक्य नव्हतें.

ही गोष्ट घरच्या उदाहरणानें पाहूं. भंडारा जिल्ह्याचे सात तालुके आहेत : भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी. योगायोग असा कीं हीं सातहि नांवें अर्धमागधीच्या वर्णांत कांहीं न अडतां लिहितां येतात. एकाहि अक्षरास मूळ पोथीबाहेर जावें लागत नाहीं. पण भंडाऱ्यास व पवनीस पाणी देणारी ‘वैनगंगा’ लिहूं गेल्यास पहिल्याच अक्षरीं ऐ आडवा येतो. ‘भोंसले’ लिहितां येतें, ‘शिवाजी’ लिहितां येत नाहीं. ‘इतिहास’ लिहितां येतो, पण ‘ऐतिहासिक संशोधन’ या दोनहि शब्दांस पोथीचा आधार तुटतो. पत्राच्या माथ्यावरचा ‘श्री’ देखील उसना आणावा लागतो. म्हणजे ज्या शीर्षकांसाठीं आमचे संपादक हीं मुद्राक्षरें योजतील त्यांत प्राचीन लेखकाचें अक्षर किती व आजच्या कर्त्यांचें किती, याचा निवाडा शब्दागणिक निराळा होईल.

यांत कर्त्यांस दोष देण्याचा हेतु नाहीं. मराठी लिहिण्याजोगा संच करावयाचा तर नसलेलीं अक्षरें घडवावींच लागणार. आणि तीं असलेल्या अक्षरांशीं इतकीं एकजीव घडविलीं आहेत कीं सांधा दिसत नाहीं, हें त्यांच्या कौशल्याचें प्रमाण आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं सांधा न दिसणें हा कारागिराचा गुण असला तरी संशोधकास तोच अडचणीचा. आम्ही त्रुटित पोथीचा पाठ छापतों तेव्हां गळालेलें अक्षर कंसांत घालतों. फुटक्या शिलालेखाचा वाचितां न येणारा भाग तुटक रेघेनें दाखवितों. मूळ कोठें संपलें व संपादक कोठें सुरू झाला हें उघड ठेवणें हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. मुद्राक्षरांच्या संचास तसे कंस घालतां येत नाहींत. म्हणून त्यास प्राचीन वळणाची प्रतिकृति न म्हणतां प्राचीन वळणावरील नवी रचना म्हणावें, व त्याच नात्यानें वापरावें.

जुन्या रूपांविषयीं आणखी एक अडचण आहे. जैन पोथ्या हाताळणाऱ्यांस पडीमात्रा परिचित आहे : ए चा स्वर दाखविणारी मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देतां त्याच्या डावीकडे उभ्या रेघेनें देण्याची ती पद्धति. आतां ‘साकोली’ हें नांव पडीमात्रेनें लिहिल्यास ‘सा’ चा काना व ‘को’ ची पडीमात्रा हे दोन दंड शेजारीं शेजारीं येतात, पुढें क व त्याचा काना. अभ्यासी मनुष्य तें क्षणांत लावील. बाजारांतून जाणारा मनुष्य ‘साा काली’ असें वाचून बुचकळ्यांत पडेल. पाटीचें पहिलें काम वाचलें जाणें हें आहे. जुनें रूप जितकें खरें तितकें आजच्या वाचकास अपरिचित, आणि परिचित करावें तितकें तें जुनेपणास मुकतें. या कात्रींतून सुटका नाहीं. दोन संच करून कर्त्यांनीं निवड वापरणाऱ्यावर सोपविली, आणि तेंच योग्य केलें.

पोथीचें वळण छापांत आणण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाहीं. नाना फडणिसांच्या मनांत भगवद्गीता छापण्याचें आलें, तेव्हां तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरविण्याचें काम सुरू झालें. इ. स. १८०० त नाना निवर्तले, व तें काम मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ त सिद्धीस गेलें. तेथें पानेंच्या पानें कोरलेलीं असल्यामुळें पोथीचें पान पोथीसारखेंच राहिलें. एकाच अक्षराचीं दहा रूपें असलीं तरी कोरणाऱ्यास त्याची अडचण नव्हती. याच सुमारास बंगालांत श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं मोडीचे सुटे खिळे पाडविले, व १८१० त त्यांचा मराठी कोश मोडींत निघाला. आमच्या प्रांताच्या इतिहासास जवळचें असें नागपूरकर भोंसल्यांच्या वंशावळीचें मराठी पुस्तकहि १८१६ च्या सुमारास त्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. परंतु मोडी ही धांवती लिपि. हात न उचलतां लिहावयाची, मागच्या-पुढच्या अक्षरास व स्वरास अनुसरून रूप बदलणारी. तिचे सुटे खिळे केले कीं धांवणाऱ्या मनुष्याच्या पायांत बेडी घातल्यासारखें होतें. पुढें महाराष्ट्रांतील छापखान्यांनीं मुख्यत्वें बाळबोधच पत्करली. मोडीस युनिकोडच्या संकेतांत स्थान मिळावयास २०१४ साल उजाडावें लागलें.

शिळाछापानें हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. लेखकानें लिहिलेलें अक्षरच दगडावर उतरत असल्यामुळें हात तसाच्या तसा कागदावर येई. याच सोयीमुळें गेल्याच्या मागील शतकांत पोथ्या, पंचांगें व मोडीचीं पुस्तकें शिळाछापावर पुष्कळ निघालीं. नंतर जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे रेखीव खिळे आले. त्यांनीं पोथीचें सुटें, लांबट पान कायम ठेविलें, परंतु अक्षर निखळ छापाचें दिलें. या चारहि प्रयत्नांकडे एकत्र पाहिल्यास एक नियम दिसतो : पान जितकें अखंड घ्यावें तितका हात टिकतो, आणि अक्षर जितकें सुटें करावें तितका हात जाऊन वळण मात्र उरतें. ‘जैनी’ सुट्या अक्षरांच्या पक्षाचीं आहेत. त्यांत घराण्याचें वळण आहे, लेखकाचा हात नाहीं.

शोभेच्या अक्षराचें खरें काम काय, हें समजण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० त झालेल्या उत्खननांत बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, व त्यांबरोबर दात्यांचीं नांवें सांगणारे लहान ब्राह्मी लेखहि उजेडांत आले. तीं अक्षरें साधीं, डोक्यावर कांहीं नसलेलीं, सरळ रेघांचीं आहेत. दान केलें, नांव कोरलें, काम झालें. त्यानंतर कांहीं शतकांनीं याच पवनीस वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. वाकाटकांच्या ताम्रपटांची लिपि पेटिकाशीर्षक म्हणून प्रसिद्ध आहे : प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक चौकोनी पेटी, कोठें पोकळ, कोठें भरीव. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं १९६३ त प्रसिद्ध केलेल्या वाकाटक लेखांच्या संग्रहांतील ठसे चाळले म्हणजे ही शोभा किती नेटानें पाळली जात होती तें ध्यानांत येतें.

तांब्यावर छिन्नीनें शेंकडों पेट्या खोदणें हें काय थोडें कष्टाचें काम? पेटी वगळली असती तरी गांव, सीमा, दान घेणाऱ्याचें गोत्र, यांपैकीं एकहि गोष्ट अस्पष्ट राहिली नसती. तरीहि ती खोदली, कारण तो कागद व्यवहारांतला नव्हता. राजाची आज्ञा होती. आरंभीं ‘दृष्टम्’ हा शब्द, पत्रे ओंवणारी कडी, कडीवर राजमुद्रा आणि अक्षरांच्या माथ्यावर पेट्या : हीं सर्व एकाच अधिकाराचीं चिन्हें होत. ज्या गांवीं दात्याच्या नांवास साधें अक्षर पुरलें त्याच गांवीं राजशासनास शोभेचें अक्षर लागलें. यावरून शोभेचें अक्षर प्रसंगाचें असतें, हें दिसून येतें. कल्पसूत्राचें भरदार अक्षर पर्युषणांतील वाचनाच्या प्रसंगाचें, पेटिकाशीर्षक शासनाच्या प्रसंगाचें. पितळेच्या भांड्यांविषयीं भंडाऱ्याची ख्याति आहे. त्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनीं घातलेलें नांव घ्या, तेंहि लग्नाच्या किंवा आहेराच्या प्रसंगाचें. हत्यार निराळें म्हणून रूप निराळें, पण प्रसंग नाहीं असें एकहि नाहीं.

हा निकष ‘जैनीं’स लाविला म्हणजे आमचा मुख्य आक्षेप समोर येतो, आणि तो मुद्राक्षरांवर नसून तीं योजणाऱ्यांवर आहे. समजा, भोंसलेकालीन कागदांचा एखादा संग्रह छापावयाचा आहे. भंडारा हा मुलूख नागपूरकर भोंसल्यांच्या अंमलांत होता. १८५३ त तिसरे रघुजी वारले व पुढल्या वर्षीं राज्य खालसा झालें. त्या काळचे कागद मोडी, मराठी, फडावरच्या कारकुनांच्या हातचे. अशा संग्रहाच्या वेष्टनावर सोळाव्या शतकाच्या आरंभींचें, मुख्यत्वें गुजरात-राजस्थानाकडील परंपरेचें, जैन धर्मग्रंथाचें वळण घातलें, तर काल चुकला, प्रांत चुकला, संप्रदाय चुकला, भाषाहि चुकली. एका वेष्टनावर चार चुका झाल्या, आणि त्या का, तर अक्षर ‘जुनें दिसतें’ म्हणून! दिसण्यापुरतें जुनें हें संशोधकाचें माप नव्हे. पेशव्यांच्या चरित्रावर अकबराच्या दरबाराचें चित्र छापलें तर आम्ही लगेच बोट ठेवूं. अक्षराच्या बाबतींत मात्र तेवढी जागरूकता आमच्यांत अद्याप आलेली नाहीं.

उलट जैन ग्रंथांच्या सूचीस, जैन चित्रपोथ्यांवरील पुस्तकास, पश्चिम हिंदुस्थानच्या पंधराव्या-सोळाव्या शतकांतील लेखनकलेवरील निबंधास हें अक्षर जितकें शोभेल तितकें दुसरें शोभणार नाहीं. तेथें तें केवळ सजावट न राहतां विषयाची ओळख करून देईल. आणि विदर्भाच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथांस स्वतंत्र शोभा हवीच असेल तर ती आमच्याच ताम्रपटांच्या पेटिकाशीर्षकांत शोधावी. मात्र तें काम हातीं घेणारानें ‘जैनी’च्या कर्त्यांचे दोन गुण अवश्य उचलावे : आधाराचा लेख कोणता तें सांगावें, आणि शोभा हत्याराच्या चालींतून काढावी. नुसत्या आजच्या अक्षरांच्या डोक्यावर चौकोन बसविले म्हणजे वाकाटकांची लिपि झाली, असें होत नाहीं.

संग्राहकांकरितां एक व्यावहारिक सूचना करणें अवश्य आहे. पोथीच्या वळणाचीं मुद्राक्षरें घरोघर पोंचल्यावर जुन्या कागदावर किंवा रंगवून जुन्या केलेल्या कागदावर छापलेलें पान पोथीचें म्हणून पुढें येणें अवघड राहिलेलें नाहीं. त्याच्या परीक्षेचीं साधनें मात्र साधीं आहेत. एकाच पानावरील चार-पांच ‘क’ निवडावे, त्यांपैकीं एकाची कड पारदर्शक कागदावर उतरून घ्यावी, व ती बाकीच्यांवर ठेवावी. हाताचें अक्षर कितीहि घोटीव असलें तरी दोन ‘क’ तंतोतंत जुळत नाहींत, ठशाचे जुळतात. पुढें शाई पाहावी. बोरू दौतींत बुडविला कीं अक्षर गडद उमटतें, कांहीं अक्षरांनंतर फिकट होत जातें, व पुन्हां गडद होतें. ही भरती-ओहोटी छापांत नसते. जेथें दोन रेघा एकमेकींवरून जातात तेथें हातच्या लेखनांत शाईचा दुसरा थर बसतो. छापांत तो बसत नाहीं. मात्र हात व छाप यांचा निर्णय एकट्या पहिल्या परीक्षेवर करूं नये. शिळाछापाचें पान मुळांत हातानें लिहिलेलें असल्यामुळें त्यांतील दोन ‘क’ जुळणार नाहींत, तरीहि पान छापाचेंच असेल. आणि संगणकाच्या संचांत एका अक्षराचीं दोन-तीन पर्यायी रूपें ठेवणेंहि शक्य असतें. म्हणून दोनच्या ऐवजीं पांच-सहा अक्षरें ताडून पाहावीं.

शेवटीं, संपादकांनीं काय करावें? आमच्या मतें ग्रंथांतील अक्षराचीं तीन कामें निराळीं ठेवावीं. जेथें पुरावा द्यावयाचा तेथें मूळ पानाचें छायाचित्र द्यावें; कोणतेंहि मुद्राक्षर, कितीहि प्रामाणिक असलें तरी, त्याची जागा घेऊं शकत नाहीं. जेथें पाठ वाचावयास द्यावयाचा तेथें साधें, रेखीव, नित्याचें छापाचें अक्षर वापरावें, कारण वाचकाचें लक्ष शब्दावर राहिलें पाहिजे. आणि जेथें ग्रंथाचें नांव सांगावयाचें किंवा प्रकरणाचा आरंभ करावयाचा, तेथें शोभेच्या अक्षरास मोकळीक द्यावी. मात्र तें विषयाच्या काळाचें व प्रांताचें असावें, आणि ग्रंथाच्या मागील पानावर एका ओळींत त्याचें नांव व आधार नमूद करावा. जुने लेखक पोथी पुरी झाल्यावर पुष्पिकेंत आपलें नांव, गांव, संवत् व तिथि लिहीत. त्या चार ओळींवर आज आमचें अर्धें शास्त्र उभें आहे. मुद्राक्षराचें नांव लिहिणें ही त्याच प्रथेची आजची आवृत्ति होय. शंभर वर्षांनीं एखादें सुटें पान ज्याच्या हातीं पडेल त्याला ही एक ओळ मोठी मदत करील.

‘जैनी’ मुद्राक्षरें हें विचारपूर्वक केलेलें, जाणत्या हातांचें काम आहे, व मराठी छपाईच्या भांडारांत त्यांनीं चांगली भर घातली आहे, असा आमचा अभिप्राय आहे. पोथीच्या पानावरचा रंगीत ठिपका जसा दोऱ्याच्या भोंकाची आठवण म्हणून उरला, तसें बोरूचें वळण या अक्षरांत आठवण म्हणून उरलें आहे. ठिपक्यांतून दोरा ओवतां येत नाहीं, आणि म्हणून कोणी ठिपक्यास दोष देत नाहीं. तो ठिपका आहे एवढें पाहणारास कळलें पाहिजे, इतकीच संशोधकाची अपेक्षा. आणि तें कळविण्याची जबाबदारी ग्रंथ छापणारांनीं, म्हणजे आम्हीच, घेतली पाहिजे.